दारं बंद केलेला समुद्र

मयूरीचा फोन आला तेव्हा मी पंपावर गाडीच्या मागच्या चाकात हवा भरून घेत होतो. शनिवार, सकाळचे सात. सातारा अजून पुरता जागा व्हायचा होता. माझी बायको शरयू स्टिअरिंगवर बसली होती. लांबच्या रस्त्याला गाडी ती चालवते आणि मी शेजारी बसून फोनवरचा नकाशा बघतो, ज्या रस्त्यावर चुकणं शक्य नाही त्याचासुद्धा. कऱ्हाडवरून विट्याला जायचं, तिथून माझ्या वडिलांना घ्यायचं आणि तासगावमार्गे सांगलीला पोचायचं, एवढाच कार्यक्रम होता. तात्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. हवेच्या मीटरवरचे आकडे चढत होते आणि मयूरी म्हणत होती, "सर, सुट्टीच्या दिवशी त्रास देते. पण बेरीज वाढतेय."

मयूरी माझी विद्यार्थिनी. पुण्याच्या संस्थेत पाच वर्षं माझ्या हाताखाली पीएचडी करते आहे, आणि सोमवारी तिला प्रबंध द्यायचा आहे. आमचं काम सांगायला सोपं. जगातले सगळे समुद्र कॉम्प्युटरमध्ये भरायचे, त्यांचे चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात पाणी किती गरम, किती खारट, त्यात लोह किती हे लिहायचं आणि मग घड्याळ सुरू करायचं. प्रत्येक तुकडा शेजारच्याला पाणी देतो. थंड पाणी खाली बसतं आणि कुठल्या कुठे जाऊन वर येतं. वाळवंटातली धूळ पडते, तिच्यातलं लोह डोळ्याला न दिसणारी हिरवी वनस्पती खाते, मरते आणि ते लोह घेऊन तळाला जाते. खरा समुद्र एका फेरीला हजार वर्षं घेतो. आमची मशीन तीन हजार वर्षं दोन महिन्यांत उरकते. मी स्वतः समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा बावीस वर्षांचा होतो. जहाजावर एकदाच गेलो आणि चार दिवस ओकत होतो. पुढे लोक मला समुद्राचा माणूस म्हणायला लागले आणि मी ते चालवून घेतलं.

"कशाची बेरीज?" मी विचारलं.

"लोहाची. काल मी सगळी दारं बंद करून चालवला, सर. वरून धूळ नाही, नद्या नाहीत, तळाला गाळात काही बसू द्यायचं नाही. आत आहे तेवढंच आत. तरी दर वर्षाला थोडं थोडं वाढतंय."

हे आजवर कुणी केलं नव्हतं. मिठाची बेरीज आम्ही तपासली होती, पाण्याची तपासली होती. पण लोह समुद्रात येत असतं आणि जात असतं, त्यामुळे बेरीज इकडेतिकडे झाली तर कुणी भुवई उंचावत नाही. धूळ जास्त पडली असेल म्हणायचं आणि पुढे जायचं. दारं बंद करून बघायला मयूरीसारखी शंकेखोर मुलगीच लागते. "मग सापडलं का?" मी विचारलं. ती म्हणाली, सापडलं. एक ओळ आहे. लोह शून्याच्या खाली गेलं तर शून्य करा, अशी. तिच्यापुढे शेरा आहे, इंग्रजी अक्षरांत मराठी: तात्पुरतं, नंतर बघू. मशीनने तारीख लावली आहे, बारा ऑगस्ट दोन हजार चौदा, सकाळी अकरा वाजून सव्वीस मिनिटं.

"तेव्हा तुम्ही तिघं एकाच नावाने मशीनवर जायचात, त्यामुळे नाव कळत नाही," ती म्हणाली. "पण मी रजेचा तक्ता बघितला. त्या आठवड्यात तुम्ही रजेवर होता. चिंतामण सर तर कोडला हातच लावायचे नाहीत. म्हणजे निमिष सर. मला प्रबंधात लिहावं लागेल, सर, चूक कुठून आली ते. तुम्ही फक्त हो म्हणा, मी आज त्यांना कळवते. म्हणजे सोमवारच्या आत त्यांचं उत्तर येईल."

"बघतो," मी म्हणालो. पंपावरच्या माणसाने बाकीच्या चाकांतही भरायची का म्हणून विचारलं. मी त्यालाही बघतो म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने त्याच्या मनानेच भरली.

गाडी हायवेला लागली. शरयूने कुणाचा फोन म्हणून विचारलं, मी मयूरीचा म्हणालो, तिने बरं म्हटलं. आमच्यात बोलणं नाही असं नाही. आम्ही पुष्कळ बोलतो: गॅस, पाणी, तात्यांच्या गोळ्या, कॉलेजातले तिचे प्राचार्य. ती वनस्पतिशास्त्र शिकवते आणि रस्त्याकडेच्या झाडांची नावं न चुकता सांगते. तिने शिरीष म्हणून एक झाड दाखवलं, मी मान वळवून बघितलं. डोक्यात अकरा सव्वीस होतं. खरं सांगायचं तर धक्का बसला असं म्हणण्याइतकंही काही झालं नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर ओठ असतो खरा पण लागत नाही, तसं. मी नुसता तो आकडा बघत होतो. कारण अकरा सव्वीसला मी मेडिकलच्या दुकानात होतो. सांगलीत. रांगेत.

ती रांग मला लख्ख आठवते. माझ्यापुढे गांधी टोपीवाला एक म्हातारा होता आणि त्याला खोकल्याचं औषध हवं होतं, पण कुठलं ते त्याला सांगता येत नव्हतं. लाल झाकणाचं, एवढंच तो म्हणत होता. काउंटरवर प्लॅस्टिकचं कासव होतं. दुकानदार शांतपणे एकेक बाटली काढून दाखवत होता. मी घाईत होतो आणि तरी त्या म्हाताऱ्याला घाई करू नये असं मला वाटत होतं. हे सगळं मी त्या दिवशी शरयूला सांगितलं, तिच्या आईला सांगितलं, नंतर तात्यांना. अकरा वर्षं मी त्या रांगेत उभा होतो. आता कळत होतं की तो म्हातारा, ती लाल झाकणं, ते कासव वेगळ्या कुठल्या तरी दिवसाचं होतं, आणि मी ते उचलून तिथे ठेवलं होतं. मॉडेलला सुरुवातीला जे खायला घालाल तेच ते हजार वर्षं फिरवत राहतं, नंतर पाहणाऱ्याला ते खरं वाटतं. मलाही वाटलं. बारा ऑगस्टच्या सकाळी अकरा सव्वीसला मी दवाखान्याच्या मागच्या लोखंडी जिन्यावर बसलो होतो, मांडीवर लॅपटॉप होता, त्याला डोंगल लावलेलं होतं आणि मी ती ओळ लिहीत होतो.

शरयूचं माहेर सांगली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात ती तिकडे गेली आणि पंधरा दिवसांतच सगळं झालं. मुलगा झाला. सव्वा किलोचा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि पेटीवर कागद चिकटवला होता: बेबी ऑफ शरयू. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं असतं. तो तीन दिवस होता. त्या तीन दिवसांत मी आत जायचो तेव्हा पेटीवरच्या पडद्याकडे बघायचो, कारण तिथे आकडे होते. ऑक्सिजन ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, पुन्हा ब्याण्णव. आकड्यांशी माझं जमतं. त्याच्याकडे बघितलं नाही असं नाही, पण काय बघितलं ते सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, बघू. मी खाली जिन्यावर येऊन बसलो. तेवढ्यात पुण्याहून निरोप आला की मशीनवरचा आमचा समुद्र बंद पडला आहे, आणि संध्याकाळपर्यंत चालू झाला नाही तर मशीनची पाळी दुसऱ्या गटाला जाईल.

का बंद पडला ते मी पाच मिनिटांत शोधलं. या गणितात एक खोड आहे. दाट तुकड्याला लागून अगदी विरळ तुकडा असला की पाणी वाहताना आकडा किंचित पुढे सरकतो आणि विरळ तुकड्यात शून्याहून कमी लोह उरतं. उणे लोह. असं काही जगात नसतं, म्हणून पुढचं गणित अडतं. पण ते उणे खोटंही नसतं. तेवढंच शेजारच्या तुकड्यात जास्तीचं गेलेलं असतं. दोन्ही ठेवली तर बेरीज जमते. उणे पुसलं तर शेजाऱ्याकडचं जास्तीचं तसंच राहतं, आणि ते कुठून आलं हे मग कुणालाच कळत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर तात्पुरतं असं लिहिलं. नंतर बघू असंही लिहिलं. ओळ टाकली, समुद्र सुरू झाला, वर्षं पुढे सरकायला लागली आणि मला बरं वाटलं. त्या अख्ख्या दिवसात मला एकदाच बरं वाटलं, ते त्या वेळी. मग लॅपटॉप बंद करून मी वर गेलो आणि शरयूची आई दारातच भिंतीला टेकून उभी होती. कुठे होता तुम्ही, असं तिने विचारलं. मी म्हणालो, मेडिकलमध्ये रांग होती.

पुढचं सगळं मी नीट केलं. अगदी नीट. दाखले आणले, सही केली, माणसांना कळवलं, चौदाव्या दिवशी कामावर गेलो. लोक म्हणाले इंद्रजित खंबीर आहे. मी खंबीर नव्हतो. माझ्यात काही खाली जातच नव्हतं, आणि जे जात होतं ते शून्यावर येऊन थांबत होतं. दोन वर्षांनी मी छापलं की अरबी समुद्राच्या खोल पाण्यात लोह समजलं जातं त्यापेक्षा दुप्पट काळ टिकतं. त्यावर बढती मिळाली, परदेशी बोलावणी आली. त्यावर मयूरीच्या प्रबंधाची तीन प्रकरणं उभी राहिली. आता ती जाणार. तिला सहा महिने तरी जास्त लागतील. माझ्या लेखाची दुरुस्ती छापावी लागेल, कदाचित लेखच मागे घ्यावा लागेल. याचं मला खरोखर काही वाटत नव्हतं. अडचण निमिषची होती. निमिष बंगलोरला असतो, आमच्यातून कधीच गेला, भला माणूस, कोड मात्र घाईत लिहायचा. आळ त्याच्यावर सहज बसला असता. त्यालाही आठवलं नसतं. म्हणाला असता, असेल बाबा माझीच. आणि मी रजेवर होतो, तशी कागदोपत्री नोंद होती. मेलेल्या मुलाच्या नावावर काढलेली रजा माझ्या उपयोगी पडत होती. याची मात्र मला लाज वाटली, कडेगावच्या अलीकडे कुठेतरी. लाज वाटली म्हणून बरं वाटलं, इतकं ते अनोळखी होतं.

तात्या विट्याच्या घरासमोर ओट्यावर तयार होऊन बसले होते. पांढरा फेटा, धुतलेलं धोतर, हातात डबा. तात्या म्हणजे मेंढक्याचा मुलगा. सतराव्या वर्षी मेंढरं सोडून गलाईला गेले, केरळात त्रिचूरला. सोनं गाळायचं, तेजाबात उकळायचं, शुद्ध करून द्यायचं. तीस वर्षं तेजाबाची वाफ घेऊन त्यांचं नाक गेलं. पुढ्यातली आमटी करपली तरी त्यांना कळत नाही. माझ्या लहानपणी ते वर्षातून एकदा गावी यायचे आणि मला वाटायचं अंगावर सोन्याचा कण तरी असेल. कधी नसायचा. दुकानातून निघताना हातपाय परातीत धुवायचे, ते पाणी ठेवायचं, दुकानात नेसलेली लुंगी जाळायची आणि राख धुवायची. झाडलेला केरसुद्धा टाकायचा नाही. दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी फरशी उखडून खालची माती नेली होती, असं आई सांगायची. त्यांच्या धंद्यात कुठेच काही जात नाही. हे मी मयूरीला पहिल्या वर्षी शिकवताना उदाहरण म्हणून सांगितलं होतं. आणि ती त्याप्रमाणे वागली.

तासगावच्या अलीकडे तात्या मागून म्हणाले, "लय गप हाय आज गडी. काय झालं रं?"

"काही नाही तात्या. कामाचं आहे."

"घटलं का काय?"

त्यांच्या लेखी कामात एवढंच होऊ शकतं. मी म्हणालो, "घटलं न्हाई. वाढलंय. जेवढं घातलं हुतं त्याच्यापेक्षा जास्त निघतंय."

तात्या पुढे सरकले. मोतीबिंदूचा डोळा निळसर दिसत होता. "भट्टी बंद केलीस का न्हाई मग?"

शरयू आरशातून मागे बघून हसली. "त्यांची भट्टी पुण्यात आहे, तात्या. मशीन आहे ते."

"आसूं दे की. घट आली तर म्या घाबरत न्हवतो, सूनबाई. घट आली तर जमीन धुवायची, मूस झाडायची, कुठंतरी गावतं. पर वाढलं की म्या भट्टी इझवायचो. त्रिचूरला एकदा दोन गुंजा जास्त आलं. गिऱ्हाईक खूश. त्येला काय, त्येचं सोनं वाढलं. म्या म्हनलं, थांबा मालक, सोनं काय वाढत न्हाई. जास्त आलं म्हंजे ते कुनाचं तरी हाय. दोन दिस भट्टी पेटवली न्हाई. सगळी हसली मला."

"मग?" शरयूने विचारलं.

"मग काय. मूस फोडून बघितली. आत भेग हुती. आदल्या गिऱ्हाइकाचं त्यात बसलं हुतं, दुसऱ्याच्या तापात सुटून खाली आलं. आदली म्हंजे एक म्हातारी हुती. नवरा गेलेली. आपल्या मनी-मंगळसूत्रावानी त्यांचं आसतंय तिकडं, ते वितळायला आनलं हुतं. तिला दोन गुंजा कमी भरलं तवा ती काय बोलली न्हवती. आमी म्हनलं, आई, जळतं थोडं. ती व्हय म्हनली आन् गेली. दोन गल्ल्या पलीकडं ऱ्हायची. नेऊन दिलं."

"काय म्हणाली ती?"

"धड कळत कुठं हुती मला तवा तिची बोली. आत बोलावलं, च्या दिला. तिला ठाऊक हुतं बग, कमी आल्यालं. तवाच ठाऊक हुतं." तात्या मागे रेलले आणि थोड्या वेळाने झोपले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागले होते.  एकदा शरयूने माझ्याकडे बघितल्यासारखं वाटलं, पण ती माझ्या बाजूचा आरसा बघत होती.

डोळ्यांचा दवाखाना कुठल्या गल्लीत आहे हे मला नकाशावर दिसत होतं, तरी वळेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की समोरच तो दुसरा दवाखाना आहे. अकरा वर्षांत सासुरवाडीला जाताना आम्ही ही गल्ली टाळत आलो होतो. मीही, शरयूही, एकमेकांना न सांगता. नेहमी पुढच्या चौकातून वळायचं. आता दवाखान्याला नवा रंग होता, पुढे औषधांचं नवं दुकान होतं. कडेने दिसणारा मागचा जिना मात्र तसाच होता, लोखंडी, बाहेरून वर गेलेला, गंजलेला. लोह हवेत उघडं राहिलं की काय होतं हे मला पुष्कळ तपशिलात माहीत आहे. शरयूने गाडी नीट लावली, उतरली आणि त्या बाजूला न बघता तात्यांचा हात धरून त्यांना आत नेलं. तात्या म्हणत होते, उजवा डोळा म्हनून सांगा त्यास्नी, न्हाई तर डावाच काढतील.

तात्यांना आत घ्यायला सव्वाबारा झाले. डोळ्यात थेंब घातले, कपाळावर चिकटपट्टी लावून त्यावर उजवा असं लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. फेटा काढून त्यांनी शरयूच्या हातात दिला. फेट्याशिवाय ते फार लहान दिसत होते. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. समोर काचेची खिडकी होती आणि खिडकीत तो जिना होता. मी किती पायऱ्या दिसतात ते मोजलं. अकरा. बसायचो ती खालून सहावी असावी. मयूरीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, बाहेर जाऊन बोलावं. उठलोही असतो. पण बाहेर म्हणजे गल्लीत, आणि गल्लीत तो जिना आणखी जवळ. मी बसल्या जागीच फोन घेतला.

"सर, निमिष सरांना लिहू का? मेल तयार आहे."

"नको," मी म्हणालो. "ती ओळ माझी आहे."

 ती हळूच म्हणाली, "पण सर, तुम्ही रजेवर होता. मी तक्त्यात बघितलं ना."

"रजेवरच होतो. सांगलीत. दवाखान्याच्या जिन्यावर बसून लिहिली. तात्पुरतं हे मीच लिहिलंय. प्रबंधात तसंच लिही, नाव घालून. समितीला मी कळवतो. सोमवार हुकेल तुझा, सगळं पुन्हा चालवावं लागेल. ते माझ्यामुळे, असंही लिही."

"पण सर, तुम्ही कशाला दवाखान्यात..." असं म्हणून ती थांबली. तिला कुणीतरी कधीतरी सांगितलं असावं. "बरं सर," ती म्हणाली. मग विचारलं, "ओळ काढून चालवू का?"

"काढ."

"उणे येईल काही ठिकाणी."

"येऊ दे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई चष्म्याचं कव्हर उघडझाप करत होती. शरयू फेट्याची सुटलेली बाजू पुन्हा आत खोचत होती. तिचं ते संपेपर्यंत मी वाट बघितली. आता ती विचारेल आणि मी सांगेन, आणि इतक्या वर्षांत जे व्हायचं राहिलं ते होईल. भांडण, रडणं, काहीही. मी त्याला तयार होतो. तयार म्हणजे, नेहमीसारखंच काही वाटत नव्हतं.

"जिन्यावर," ती म्हणाली.

"हो."

"मेडिकलमध्ये रांग होती म्हणाला होतास."

"मला ती आठवतेसुद्धा. पण नव्हती रांग. समुद्र बंद पडला होता, तो चालू करत होतो."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. आज सकाळपासून पहिल्यांदा तिकडे बघत होती. "वॉर्डातल्या माझ्या खिडकीतून तो जिना दिसायचा," ती म्हणाली. "सिस्टर मला सांगायला आल्या तेव्हा तू तिथेच होतास. मान खाली घालून. आई म्हणाली बोलाव त्याला. सिस्टर निघाल्यापण. मी म्हटलं थांबा, आत्ता नका बोलावू."

"का?"

"तुला अजून मुलगा होता ना. म्हटलं असू दे आणखी थोडा वेळ." तिने फेटा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवला. "मग तू स्वतःशीच हसलास. कशाला ते कळलं नाही. म्हणून मी आणखी थांबले."

"किती वाजले होते?"

माणसं अशा वेळी काय विचारतात मला माहीत नाही. मी हे विचारलं. तिला त्याचं नवल वाटलं नाही. ती म्हणाली, सिस्टर आल्या तेव्हा अकरा दहा. समोरच घड्याळ होतं. मी वर गेलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. वीस मिनिटं माझ्याकडे जास्तीची आली होती आणि मी कधी विचारलं नव्हतं की कुणाची. ती तिची होती. वीस मिनिटं तिने ते एकटीने धरून ठेवलं, आईलाही गप्प बसवून, आणि मी आल्यावर रांगेचं सांगितलं तेव्हा ती बरं म्हणाली. म्हाताऱ्याचं, लाल झाकणांचंही ऐकून घेतलं. तिला ठाऊक होतं. तेव्हाच ठाऊक होतं. माझ्या छातीत काहीतरी खाली गेलं आणि या वेळी ते शून्यावर थांबलं नाही. किती खाली गेलं ते मला कळलं नाही, कारण तिथे कधी मोजलेलं नव्हतं. मी बाकाची कड धरून बसलो. दुखत होतं, सरळ दुखत होतं.

आतून नर्स येऊन म्हणाली, आजोबांचं झालं, पाच मिनिटांत आणतो बाहेर. शरयू उठायला लागली. मी तिच्या हातावर हात ठेवला, म्हणजे फेट्यावर, कारण तिचे हात त्याच्या खाली होते.

"त्याला केस होते का?" मी विचारलं.

ती पुन्हा बसली. माझ्याकडे बघत राहिली, मी काय विचारलं ते नीट ऐकू आलं का याची खात्री केल्यासारखं.

"होते," ती म्हणाली. "काळे, दाट. कानांवरसुद्धा होते, बारीक. सिस्टर म्हणाल्या, ते जातात नंतर."